लमाण्याची कारवानी कुत्री

कुत्र्याचा स्पर्श झाला तर डोक्यावरून पाणी घेणाऱ्या घरात मी जन्मलो. आमच्याकडे गाईला घास, कावळ्याला पान आणि कुत्र्याला काठी अशी वाटणी ठरलेली होती, आणि ती मोडायचं कोणाच्या मनातही येत नसे. आता नौपाड्यात पुतण्याच्या घरी बसून मी हे लिहितो आहे. सूनबाई अधूनमधून विचारते, "काका, एवढं मन लावून काय लिहिताय?" मी "जुन्या आठवणी" असं मोघम सांगतो. एका कुत्रीबद्दल लिहितो आहे हे सांगायचा धीर अजून झालेला नाही.

मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि मीठ खात्यात कारकून होतो. डोंबिवली म्हणजे चार पाडे, थोडी भातशेती आणि पुढे खाडी. खाडीच्या अंगाला मिठागरं होती, आणि मिठागरांच्या टोकाला, बांधापेक्षा हातभर उंच जागेवर आमची सरकारी चौकी. एक खोली, एक पडवी आणि दारासमोर परवाने तपासायचं मेज. परवान्याशिवाय मीठ बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. उन्हाळ्यात तिथे आगरी मंडळींची वर्दळ असे. खाडीचं पाणी कोंडायचं, मीठ ओढायचं, डोक्यावरून टोपल्या वाहायच्या, एकमेकांना शिव्या घालत हसायचं. पावसाळा जवळ आला की मिठाच्या राशी गवताने शाकारून सगळे आपापल्या शेतांवर निघून जात. मग चार महिने त्या राशी आणि मी. राशी बोलत नसत आणि मीही बोलत नसे.

ही चौकी मी मागून घेतली होती. माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली ती परत आली नाही, मूलही राहिलं नाही. वर्ष उलटायच्या आत नातेवाईक माझ्यासाठी स्थळं आणू लागले. जेवायला वाढताना बायका हळू आवाजात बोलत आणि माझ्या पानात एक पोळी जास्त पडे. मला त्या जास्तीच्या पोळीचा राग येई. कोणी कीव करू नये म्हणून मी माणसांपासून लांब गेलो, आणि गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मला एकटं राहता येत नाही. पण परत कोणत्या तोंडाने जाणार? मी तिथेच राहिलो.

तो लमाणी वैशाखात आला. त्या काळी लमाणांचे तांडे घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य घेऊन कल्याणला उतरत आणि परतताना मीठ नेत. आगगाडी घाट चढून वर पोचली होती, त्यामुळे दर साली तांडे लहान लहान होत चालले होते. याच्याकडे चाळीसएक बैल असतील. कल्याणहून त्याच्या परवान्याचा कागद यायला तीन दिवस लागले आणि तोवर तांड्याचा तळ चौकीजवळच पडला. तो स्वतः माझ्या वडिलांच्या वयाचा म्हातारा, शेलाटा, कानात चांदीच्या बाळ्या. तो फार बोलत नसे. बैलांची खोगिरं दुरुस्त करीत तासन्‌तास बसे आणि मधूनच मान वर करून माझ्याकडे बघे.

त्याच्याबरोबर ती कुत्री होती. मी तोवर पाहिलेल्या एकाही कुत्र्यासारखी ती दिसत नव्हती. अंग वाळल्या गवताच्या रंगाचं, तोंड लांब आणि निमुळतं, छाती खोल आणि पोट पाठीला जाऊन लागलेलं. पाय इतके लांब की बसताना त्यांचं काय करावं हे जणू तिला ठरवावं लागे. घाटावर या जातीला कारवानी म्हणतात आणि ससा, हरीण धरायला पाळतात, हे मला त्याने सांगितलं. तिच्या पुढच्या डाव्या पंजावर बैलाचा खूर पडला होता. ती तीन पायांवर उभी राही, पण कण्हत नसे.

निघायच्या दिवशी सकाळी तो पडवीशी आला.

"महाराज, पावसाच्या आत घाट चढायचा आहे. ही चालणार नाही. बैलावर बसवली तर उडी टाकते. दिवाळीनंतर मी येतो मिठाला, तेव्हा नेईन. तोवर ठेवता का?"

मी म्हणालो, "अहो, मी ब्राह्मण आहे."

तो म्हणाला, "तिला चालेल."

तो थट्टा करत होता की नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बरं म्हणून बसलो. मग त्याने तिच्याबद्दल सांगितलं, आणि तेवढ्यापुरता तो भरभरून बोलला. पंजा बरा झाला की रोज पळवायची, धाप लागेपर्यंत पळवायची. भाकरी द्यायची, ताक द्यायचं, कुठे हाड मिळालं तर हाड. कातडी पातळ आहे, ओलीत निजवायची नाही, खाली गवत घालायचं. आणि मागच्या तीन बरगड्या लांबून दिसल्या पाहिजेत, एवढं लक्षात ठेवायचं. हे शेवटचं त्याने तीन बोटं दाखवून दोनदा सांगितलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, घरात खायला नाही, त्याला हा शास्त्राचं नाव देतोय.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. आम्हाला माया करायची म्हणजे खाऊ घालायचं एवढंच ठाऊक असतं. पाहुणा बारीक दिसला की आमचा हात आपसूक वाढायच्या भांड्याकडे जातो. सासरहून आलेल्या मुलीला आई आधी म्हणते, "वाळलीस गं." मी नातेवाइकांच्या जास्तीच्या पोळीवर चिडून इथवर आलो होतो, पण माझ्या दारात बरगड्या दिसणारा जीव बसल्याबरोबर मी तेच केलं. त्या दिवशी दुपारी मी भात मऊ शिजवला, त्यावर वरण घातलं, वर तुपाची धार धरली आणि पान तिच्यासमोर ठेवलं. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश, एका कडेने जेवली. पहिल्या दिवशी मी अंघोळ केली. तिसऱ्या दिवशी हातपाय धुतले. आठवड्याने तेही राहून गेलं.

कारवानी कुत्रं लाळघोटं नसतं. आपण घरात शिरलो म्हणून ते शेपूट हलवत येत नाही. ती पडवीच्या कोपऱ्यात गवतावर दिवसचे दिवस निजून राही. जागी असली की माझ्याकडे पाहतानाही माझ्या खांद्यावरून पलीकडे काहीतरी बघते आहे असं वाटे. भुंकणं तिला जवळजवळ माहीतच नव्हतं. खाडीपलीकडच्या तिवरांतून कोल्हा निघाला की ती एकदम उठून उभी राही, कान मागे घेई, आणि तिच्या मांड्यांतून कापरं भरल्यासारखी थरथर जाई. मला तो कोल्हा कधी दिसत नसे. मी तिला दोरीने बांधून ठेवलं होतं. आधी पंजासाठी, आणि तीन आठवड्यांत पंजा बरा झाल्यावर केवळ भीतीपोटी. ही सुटली तर घाटाकडे धूम ठोकेल अशी मला धास्ती होती.

पावसाळ्यात मी बोलू लागलो. उठलो की तिच्याशी बोलायचं, भात शिजेपर्यंत बोलायचं, जेवताना बोलायचं. वर्षभर बायकोचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते निघू लागलं. तिला भोपळ्याचे घारगे आवडत, हे मी कुत्रीला सांगितलं आणि मग घारगे करून तिलाच खाऊ घातले. नागपंचमीला दिंडं केली. गणपतीत मोदक केले, ते वाईट झाले, तेही तिने खाल्ले. देवापुढे नैवेद्य ठेवायचो, मग तिला वाढायचो आणि मग मी बसायचो. सबंध दिवसात तिला आणि मला दुसरं काम नव्हतं. मला सुख वाटत होतं, हे कबूल करायला हवं. ती किती सुखात होती हे मी पाहिलं नाही.

भादव्याच्या अखेरीस एका सकाळी आगरी पाड्यातली म्हातारी सरपण घेऊन आली. ती मिठागरात टोपल्या वाहायची, पावसाळ्यात अधूनमधून माझ्याकडे लाकडं टाकून जायची. तिने डोक्यावरची मोळी टाकली आणि कंबरेवर हात ठेवून कुत्रीकडे बघत राहिली.

"आरं कारकुना, ही कुत्री हाय का गाभन म्हस?"

"गाभण नाहीये," मी जरा घुश्शातच म्हणालो.

"मं काय खावाला घालतंस हिला?"

मी सांगितलं. मोदकांपर्यंत यादी पोचली तेव्हा ती हसता हसता मोळीवरच बसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "पलनारी जात ही. बसवून तूप चारलंस तं छातीन दम रेवाचा नाय." तिने उठून कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला, बरगडी शोधली आणि मान हलवली. "त्यो लमानी आला न हिला अशी बगली, तं नेवाचा नाय हां."

ती हे मला दटावण्यासाठी म्हणाली होती. जाताना ताक-भाकरीचं सांगून गेली, रोज हिंडवायचंही सांगून गेली. मला मात्र तिचं एकच वाक्य ऐकू आलं. नेणार नाही.

इथून पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. तोवर जे झालं ते अडाणीपणाने झालं होतं, त्याची लाज नाही. त्या दिवसापासून मला कळलेलं होतं. दिवाळीला महिनाभर होता. तेवढ्यात ती ताक-भाकरीवर आणि थोड्या पळण्यावर निम्मी अधिक सुधारली असती. म्हातारी नजरेआड झाली तशी मी चूल पेटवली, भात टाकला आणि तूप रोजच्यापेक्षा दोन पळ्या जास्त वाढलं. कुत्री एव्हाना निम्म्यातच तोंड बाजूला करू लागली होती. मी हाताने घास भरवले. "खा गं," म्हणायचो, "माझ्यासाठी खा." ती खायचीही.

दिवाळी झाली. कार्तिकात हवा कोरडी पडली, आगरी परत मिठागरात आले, बांधबंदिस्ती सुरू झाली. मी रोज घाटाच्या बाजूला पाहायचो आणि बैलांचा धुरळा दिसला नाही की मला हायसं वाटायचं. तो आलाच नाही तर किती बरं, असं मी देवाजवळ मागितलंही. मागताना लाज वाटली नाही, हे नमूद करतो.

तो आला, पण बैल नव्हते. सकाळच्या वेळी बांधावरून एकटाच काठी टेकीत येत होता. मी कुत्रीला गाईच्या आंबोणासारखा भात कालवून देत होतो आणि काहीबाही बोलत होतो. तिने एकाएकी मान वर केली. त्याने जिभेने टाळूवर एक आवाज काढला, तोंडातल्या तोंडात वाजणारा, आणि ती ताडकन उठली. त्या दिवशी दोरी नव्हती. मधल्या काळात दोरीची गरजच उरली नव्हती, ती चौकीच्या आवारापलीकडे जात नसे. ती त्याच्याकडे निघाली. तिला पळायचं होतं. पण पोट डावी-उजवीकडे हलत होतं आणि दहा-वीस पावलांत तोंडाला फेस आला.

तो खाली बसला. तिने त्याच्या काखेत तोंड खुपसलं. त्याने तिच्या अंगावरून दोन्ही हात फिरवले, बोटं दाबून बरगड्या शोधल्या, मग माकडहाडाजवळ दाबून पाहिलं. त्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"काय खात होती, महाराज?"

मी सांगितलं. तो थोडं हसला. पाणी मागितलं, ओंजळीने प्यायला आणि पडवीच्या कडेला टेकला. मिठाचा धंदा बसला म्हणाला. कल्याणहून मीठ गाडीत भरलं की थेट घाटावर, बैलाला कोण विचारतो? निम्मे बैल विकले. उरलेल्यांना जुंपून टिटवाळ्याला रेल्वेच्या कामावर दगड ओढतो, बायकापोरं तिथेच नदीकाठी आहेत. पोरांना मटण दिसत नाही, पण आसपासच्या माळावर ससे पुष्कळ. "हिच्या आईनं दुष्काळात आमची चूल पेटती ठेवली होती," तो म्हणाला. "ही तिच्याहून चपळ निघाली होती."

तो तिच्या कानामागे खाजवत बसला. शेवटी तो उठला.

"राहू द्या तुमच्याकडे. आता ही तुमचीच."

माझ्या मनासारखं झालं. मला दोन शब्द बोलता आले असते. चूक माझी आहे, मी हिला पुन्हा उभी करतो, महिन्याभराने या, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी गप्प बसलो. तो बांधावरून निघाला आणि ती त्याच्या मागे निघाली. मी अडवलं नाही, कारण ती पोचणार नाही हे मला माहीत होतं. खाडीचं पाणी आत घ्यायच्या तिसऱ्या दरवाजापर्यंत ती गेली आणि तिथे मटकन बसली. तो एकदा मागे वळला, हाताने तिला परत जा अशी खूण केली आणि चालू लागला.

मी गेलो तेव्हा तिची जीभ जांभळी पडली होती आणि कुशी भात्यासारखी हलत होती. उचलायला गेलो तर उचलवेना. मी तिच्याजवळ बांधावर बसलो. ती तो गेला त्या दिशेला बघत होती. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं, तर तिने ते पुन्हा तिकडे केलं. तिथे मला रडू आलं. तिच्यासाठी आलं आणि माझ्यासाठीही आलं, पण बायको गेली तेव्हा आलं नव्हतं तसं आलं. काम करणारे आगरी बघत होते, तरी मला थांबवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीकडे गेलो आणि सगळं तिने सांगितल्याप्रमाणे करतो म्हणालो. तिने काही विचारलं नाही. तूप बंद, भात बंद. एक वेळ नाचणीची भाकरी ताकात कुस्करून, आठवड्यातून एक दिवस नुसतं पाणी. पहिले चार दिवस कुत्री पानाकडे आणि माझ्याकडे असं आळीपाळीने बघायची की माझा जीव तुटायचा. मी पाठ करून बसायचो. अंगात ताकद यायला भाकरी पुरणार नाही म्हणून म्हातारी सुक्या मासळीची डोकी आणून घालायची. आधी मी तेव्हा आत जाऊन बसायचो. पुढे तिला बाजाराला जायचं असलं की ती फडक्यात बांधून माझ्याकडे देऊन जाई, आणि मी ते गाठोडं नाकापासून लांब धरून कुत्रीसमोर सोडायचो.

पळवणं अवघड होतं. पहिला आठवडा नुसतं चालणं, तिसऱ्या दरवाजापर्यंत आणि परत. मग पाचव्या दरवाजापर्यंत. रस्ता कठीण असला तर पंजे फाटतात म्हणून ओल्या बांधावरूनच न्यायची. परत आलं की पंजे धुवायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, तिळाच्या तेलाने सांधे चोळायचे. तिची कातडी बाभळीच्या नुसत्या ओरखड्याने उसवायची, त्यावर हळद दाबायची. मार्गशीर्षात ती चालण्यावरून दुडक्या चालीवर आली आणि मला धोतराचा काचा मारून मागे पळावं लागलं. सरकारी कारकून शेंडी उडवीत कुत्र्यामागे धावतो आहे, हे पाहून मिठागरातल्या बायका टोपल्या खाली ठेवायच्या. कोणी म्हणे याला लागीर झालं आहे. मी दोनदा चिखलात आपटलो. माझंही पोट त्या वर्षी बरंच सुटलेलं होतं, ते उतरलं.

आणि याच दिवसांत एक गोष्ट झाली. ती पुढे पळायची आणि वळणावर थांबून मागे बघायची. सुरुवातीला मला वाटलं दमली असेल. पण ती दमलेली नसे, मी दिसेपर्यंत थांबे आणि दिसलो की पुन्हा निघे. मी घास भरवत होतो तेव्हा तिने माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं. तेव्हा तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जायची. आता ती मलाच शोधत होती. दुपारी मी मेजावर परवाने तपासत असलो की येऊन माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून निजे. तोवर ती फक्त माझ्या दारात होती. माझी झाली ती तेव्हा.

माघात एका सकाळी उन्हं तिरकी आलेली असताना मला लांबून तिच्या मागच्या तीन बरगड्या दिसल्या. मी बांधावर उभा राहून त्या दोन-तीनदा पाहिल्या. आता तिला परत मागणारं कोणी नव्हतं. लमाण्याने माझीच म्हणून सांगितलं होतं, म्हातारीसुद्धा म्हणाली, "ठेव नं रं, तुला तरी कोन हाय?" ठेवली असती तर कोणाला कळणार होतं? मी आठ दिवस हो-नाही करीत काढले. त्या आठ दिवसांत मी जेवलो की नाही हेही आठवत नाही. शेवटी एक दिवसाची रजा मागितली.

गाडीने गेलो असतो तर तिला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घालावं लागलं असतं. म्हणून पायीच निघालो. पहाटेच निघून कल्याण गाठलं, तिथे पाणी प्यायलो आणि लोहमार्गाच्या कडेकडेने टिटवाळ्याची वाट धरली. तिच्या गळ्यात दोरी होती, पण ती ओढत नव्हती. मध्ये एकदा आगगाडी धडधडत गेली तेव्हा ती माझ्या पायांना चिकटून उभी राहिली. मी तिला कल्याणला दूध पाजणार होतो. मग म्हटलं नको, आज तिला जड होईल.

दुपारी नदीकाठच्या झोपड्या दिसल्या. दगडांच्या राशी, दोन गाड्या, सुटलेले बैल. तीन-चार पोरं खेळत होती. त्यांतल्या एका लहान मुलीने कुत्रीला पाहिलं आणि ती किंचाळून झोपडीत पळाली. भूत पाहिल्यासारखी पळाली म्हणून मला नवल वाटलं. आतून म्हातारा बाहेर आला. कुत्री त्याच्याकडे झेपावली, तशी मी दोरी सैल सोडली. त्याने तिच्या अंगावरून हात फिरवले आणि या वेळी बोटं दाबावी लागली नाहीत.

मी वाटभर जे पाठ केलं होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, "मला कळलं होतं. भादव्यातच कळलं होतं. तुम्ही न्यायला नको म्हणून मी तिला जास्त खाऊ घातलं."

"ठाऊक होतं, महाराज," तो म्हणाला.

"कसं?" मी विचारलं.

"सहा महिन्यांत कुत्री तेवढी चुकून होत नाही. पण त्या सकाळी बांधावरून येताना तुमचा आवाज ऐकला. वैशाखात तीन दिवस तुमच्या दाराशी तळ होता आमचा, तुम्ही कोणाशी चार शब्द बोलला नव्हतात. आणि त्या दिवशी तिच्याशी हसत बोलत होतात." त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "कुत्री काय, महिन्या-दोन महिन्यांत मी पळती केली असती. पोरं रोज विचारायची. त्यांना सांगितलं, मेली."

म्हणजे मी तिला राखली नव्हती. त्याने मला दिली होती. सशाच्या तुकड्याला महाग झालेल्या पोरांच्या तोंडचं काढून त्याने माझ्या पानात वाढलं होतं, आणि मी कधी नव्हे ते चिडलो नव्हतो, कारण वाढणाऱ्याचा हात मला दिसलाच नव्हता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तेही जमलं नाही. मी नुसता दोरीची गाठ चाचपत उभा राहिलो.

तो आम्हाला झोपड्यांमागच्या माळावर घेऊन गेला. गवत गुडघाभर, वाळलेलं. पोरं दूर रांगेने चालत गवत झोडपू लागली. कुत्री माझ्या पायाशी उभी होती आणि तिच्या मांड्यांतून ती थरथर जात होती. एका झुडपातून ससा उठला.

"तुम्हीच सोडा," म्हातारा म्हणाला.

मी गाठ सोडली. मिठागराच्या बांधावर मी तिला तीन महिने पळवलं होतं आणि मला वाटत होतं मी तिचं पळणं पाहिलं आहे. काहीच पाहिलं नव्हतं. ती माझ्या हाताखालून गेली आणि हात रिकामा झाल्याचं मला नंतर कळलं. तिचे चारही पाय पोटाखाली गोळा होत आणि मग ती इतकी लांब होई की ती मघाचीच कुत्री वाटत नसे. ससा वळला, तीही वळली. पोरं ओरडत होती. लहान मुलगी तिचं नाव घेऊन ओरडत होती, ते नाव मी प्रथमच ऐकलं. इतक्या महिन्यांत ते विचारायचं मला सुचलं नव्हतं. दोघं चढावापलीकडे दिसेनाशी झाली.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो चढावाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"थांबा," तो म्हणाला. "आता येईल ती."

आता येईल हे मलाही ठाऊक होतं. तोंडात ससा धरून चढावावर येईल, उभी राहील आणि आम्हा दोघांपैकी एकाकडे चालू लागेल. ती त्याच्याकडे गेली असती तर मला सोसलं नसतं. ती माझ्याकडे आली असती तर मी तिला पुन्हा घेऊन गेलो असतो. मी दोरी त्याच्या हातात दिली, स्टेशनाला जायची वाट विचारली आणि पाठ फिरवून चालू लागलो. थोड्या वेळाने मागून पोरांचा मोठा गलका ऐकू आला. मी पावलं उचलली आणि वळून पाहिलं नाही. ती कोणाकडे आली हे मला आजपर्यंत माहीत नाही.